भागीरथाचा सरकारी कागद

अकोल्याच्या सरकारी अफूच्या दुकानापुढं देवमन कारडावर भेटणारी बापाची अफूची गोळी घ्यायले रांगेत उभा होता. त्याच्या पुढं जिनात कापूस झोडून खोकला लागलेली भागीरथा आन तिची शेजारीण जमुना. दोघीचं बोलणं काई हळू नव्हतं.

"काव भागीरथे, अफू सोडून तुले सहा महिने झाले ना? मंग इथं कावून?"

"अंबर चरख्याच्या केंद्रात सूत कातायचं काम मागाले गेली होती. थे काम भेटन म्हणूनच तं सोडली होती. तिथली बाई म्हणे, सरकारी कागद दाखव."

"मंग?"

"माह्यापाशी सरकारी कागद हा एकच. हाच देल्ला."

"अफूचं कारड? अवं, तुही अक्कल गेली काय चराले!"

"शिक्का हाय, नाव हाय. अजून काय पायजे? तं बाईनं नावाखाली बोट ठेवलं. म्हणे, इथं 'व्यसनी' लिवलं हाय. मले वाटे, थे माह्या वस्तीचं नाव."

"सोडली म्हणून सांगायचं ना!"

"सांगतलं. म्हणे, दाखला आन. डाक्तर म्हणते, सोडल्याचा कागद सरकारनं छापलाच नाई."

"म्हंजे खाल्ली तं कागद, सोडली तं ठेंगा? आन जिनातला मुकडदम रोज दारू पेऊन येते, त्याच्या कपाळावर लिवलं काय कोनी? चाल घरी!"

"घरी चूल तरी पेटते काय? गोळीनं भूक तं मरते."

खिडकीतून दुकानदाराचा हात आला. "कारड?"

भागीरथानं कारड त्या हातावर ठेवलं. "पाहा बरं भाऊ, हे चालते काय?"

"चालते ना माय. न चालाले काय झालं?"

"आयकलं काव जमुने? इथं चालते म्हणे."