बुडालेल्या होड्यांचं साल

इलायस : शाळेच्या निबंधाचा शेवटचा परिच्छेद पुन्हा वाच.

पॅट्रिशिया : स्पेलिंग चुकलंय का, आजोबा?

इलायस : स्पेलिंग नाही गं. काय लिहिलंयस ते मला मराठीत सांग.

पॅट्रिशिया : सांगते. एकोणीसशे पंचवीस साली बहारीनमध्ये मोठं वादळ झालं. मोती काढायला गेलेल्या होड्या बुडाल्या. आमच्या समोरच्या झोहराखाला तेव्हा सहा वर्षांच्या होत्या. पुरुष परत यावेत म्हणून बायका किनाऱ्यावर जाऊन समुद्राला दटावायच्या, पाण्यात मांजर बुचकळायच्या. खालांना दया आली. त्यांनी मांजर सोडून दिली. म्हणून त्यांचे बाबा परत आले नाहीत.

इलायस : आणि हे तू त्यांना वाचून दाखवलंस?

पॅट्रिशिया : हो, मंगळवारी, असंच मराठीत. गोष्ट सांगितली म्हणून थँक यू म्हणायला गेले होते ना.

इलायस : काय म्हणाल्या?

पॅट्रिशिया : चहाचे पेले उचलले आणि आत गेल्या.

इलायस : तरीच! तीन दिवस दार बंद. तिच्या हातची ताजी खुबूज-रोटी नाही की हाक नाही. तुझ्या आईच्या पावावर दिवस काढतोय मी. मोत्यांच्या बाजारापायी वीस वर्षं मुंबईत राहिलेली बाई ती. तुझा बाप ड्युटीवर गेला की बहारीनच्या या नईम मोहल्ल्यात माझ्याशी मराठीत बोलणारं दुसरं आहे कोण?

पॅट्रिशिया : पण तुम्हीच शिकवलंत! प्रत्येक घटनेखाली ‘कारण’ लिहायचं. वसईच्या शाळेत तुम्ही कारण नसेल तर मार्कच द्यायचा नाहीत. डॅडी सांगतात.

इलायस : शिकवलं खरं. छत्तीस वर्षं शिकवलं... वही घे. चपला घाल.

पॅट्रिशिया : आय अ‍ॅम स्केअर्ड, आजोबा.

इलायस : मीसुद्धा. चल.

(समोरचं दार तिसऱ्या टकटकीला उघडतं.)

झोहरा : कोण, मास्तर? आणि ही पण? या, आत या. खालीच बसा, खुर्ची मोडलीय.

पॅट्रिशिया : सॉरी, खाला.

झोहरा : सॉरी कशाला? मी सांगितलं तेच तू लिहिलंस.

इलायस : झोहराबाई, एक विचारू? वादळ कधी झालं?

झोहरा : रात्री. आमच्या झोपडीचं छप्पर उडालं.

इलायस : आणि बायका किनाऱ्यावर कधी गेल्या?

झोहरा : सकाळी. एक शीड दिसेना म्हणून. आईनं मांजर माझ्या हातात दिली. इतकीशी होती, मास्तर. तिचं काळीज माझ्या बोटांना लागत होतं.

इलायस : म्हणजे तुम्ही तिला सोडलं तेव्हा...

झोहरा : तेव्हा अब्बा गेलेले होते. एवढं मलाही कळतं.

इलायस : मग साठ वर्षं हे मनात कशाला ठेवलंत?

झोहरा : मी नाही, आईनं ठेवलं. मरेपर्यंत म्हणायची, तू ती मांजर सोडली नसतीस तर...

पॅट्रिशिया : पण ते खरं नव्हतं! तुम्ही तिला सांगायचं ना!

झोहरा : सांगून काय करू, बेटा? तिला कुणावर तरी रागवायला हवं होतं. समुद्रावर किती दिवस रागावणार? मी घरातच होते, हाताशी. मंगळवारी तू वाचलंस आणि वाटलं, आईच आली परत.

इलायस : चूक पोरीची नाही, माझी आहे. पॅट्रिशिया, ती ‘म्हणून’ची ओळ खोड.

पॅट्रिशिया : खोडली. आता कारण काय लिहू?

इलायस : काही नको. रिकामं राहू दे.

पॅट्रिशिया : मिस मार्क कापतील.

इलायस : कापू देत.

झोहरा : रिकामं नको, मास्तर. तिथं अब्बांचं नाव लिहू दे. कमाल. त्यांना कबर मिळाली नाही, नाव कुठंच लिहिलेलं नाही.

पॅट्रिशिया : लिहिलं. हे बघा, खाला.

झोहरा : मला कुठं वाचता येतं? माझं बोट ठेव त्याच्यावर.