तिखट न सोसणारा मिरचीशेठ

...अन् वर ती मॅडम मला म्हणते, "सर, बिझनेस छान चाललाय की तुमचा!" छान? बिझनेस? माझा? हसू नका हो, तुम्हाला सांगतो, मी तिथं बँकेच्या त्या गुळगुळीत खुर्चीवर बसलेलो, मांडीवर पगाराच्या कागदांची फाईल, बाजूला बायको नवी साडी नेसून, घराचं कर्ज घ्यायला जायचं म्हणजे काय कमी मामला हाय का, अन् मॅडम कंप्युटरची मान माझ्याकडं वळवून दाखवून राहिली की धर्माबादला माझी मिरचीची फर्म हाय! लाल मिरची, ठोक खरेदी-विक्री, उलाढाल कोटीत! मी म्हणलं, मॅडम, मी ढोराच्या दवाखान्यात नोकरीला हाय, मुखेडकडं, म्हशीला सुया मारतो. तर म्हणते, "हो सर, तेही दिसतंय सिस्टीममध्ये. पण हेही दिसतंय." अन् मला साधं तिखट सोसत न्हाई हो!

न्हाई म्हणजे न्हाई सोसत. अल्सर हाय मला. आमच्या घरी दोन आमट्या होतात, एक माणसांची अन् एक माझी. लग्नाच्या पंगतीत वाढपी रश्शाची बादली घेऊन आला की मी पत्रावळीवर आडवा हात धरतो, भांडण सोडवायला धरतात तसा. अन् सरकारच्या दप्तरी मी कोण? मिरचीचा शेठ.

बरं, घर कशाला पाहिजे ते तर ऐका. नांदेडला आम्ही किरायानं राहतो, पिठाच्या गिरणीच्या वर. सकाळी खाली पट्टा सुरू झाला की वर आमचे दात वाजतात. कपाटाच्या आत पीठ, उशीत पीठ, पोरगी शाळेतून आली की बाई विचारते, "खडूशी खेळली का ग?" दम्याचा पंप आला हो पोरीच्या दप्तरात, सात वर्षाच्या! त्याच्यासाठी घर पाहिजे, हौस म्हणून न्हाई. अन् घर सापडलं बी. मन्मथअप्पांचं. म्हातारा माणूस, लातूरला लेकाकडं जायचं म्हणून घर विकायला काढलेलं. दोन खोल्या, मागं जराशी जागा, हवा अशी की पोरगी तिथं तासभर पळली अन् पंप मागितला न्हाई. विशाखानं, म्हणजे आमच्या बायकोनं, त्याच दिवशी मागच्या जागेत शेवग्याची फांदी लावली. मी म्हणलं, अगं, आजून नुसता इसार दिलाय! तर म्हणते, "तुमचं कर्ज होईस्तोवर ही जगंल तरी." अप्पा बी भला माणूस. म्हणाले, "लावा की ओ, तुमचंच हाय. फक्त कर्जाचं लवकर बघा, लेक घाई करायलाय."

लवकर! आता हे लवकर कसं असतं ते सांगतो.

लातूरला आमचा कॉलेजचा दोस्त हाय, सुदर्शन, टॅक्सचंच काम करतो. त्याच्याकडं गेलो. त्यानं सगळं उघडून पाहिलं, चष्मा काढला, चष्मा पुसला, अन् म्हणाला, "आश्या, तुझ्या पॅनकार्डावर कुणीतरी फर्म काढलीय. पगार तू दाखवला, मिरची दाखवली न्हाई. इन्कमटॅक्सला वाटणार तू कमाई लपवली, बँकेला वाटणार तू लबाड." मी म्हणलं, मग बंद कर की फर्म! तर म्हणतो, "सोपं हाय. मालकाच्या मोबाईलवर ओटीपी येतो, तो टाकायचा, झालं." मालक कोण? मी. मोबाईल कुणाचा? चोराचा! म्हणजे ज्यानं चोरी केली त्यालाच विनंती करायची, बाबा, जरा नंबर सांग, तुझं दुकान बंद करायचंय!

पण माणूस घायकुतीला आला की काय करल? लावला मी फर्मच्या त्या नंबरावर फोन. तुम्हाला सांगतो, एका रिंगमधे उचलला. "जयभीम! अश्वजित बोलतो!" असं ठासून म्हणाला हो... मी स्वतः बी इतकं ठासून म्हणत न्हाई. मी म्हणलं, ज... जयभीम, मी बी अश्वजितच बोलतो. तर तो एकदम मायेनं म्हणतो, "भाऊ, नीट पहा, तुमचं काहीतरी चुकून राहिलं." अन् ठेवला! अन् मी फोन हातात घेऊन खरंच विचार करून राहिलो, की बाबा आपलंच तर चुकत न्हाई ना?

मग पोलीस. इथले जमादार म्हणाले, "फर्म तिकडं हाय ना? मग गुन्हा तिकडं." तिकडचे म्हणाले, "कार्ड तुमचं, राहता तुम्ही तिकडं, मग गुन्हा तिकडं." टॅक्सचं ऑफिस म्हणालं, "आधी पोलिसाची तक्रार आणा, मग आम्ही फसवणूक झाली असं लिहून देऊ." अन् पोलीस म्हणाले, "आधी फसवणूक झाली असं ऑफिसकडून लिहून आणा, मग आम्ही तक्रार घेऊ." आता मी कुणाच्या अंगणात जाऊन डोकं आपटू सांगा? आमच्या खात्यात बघा, म्हशीच्या कानात पिवळा बिल्ला मारतो मी, त्याच्यावर बारा आकडी नंबर, या हातानं हजारो मारले. आजपर्यंत एका म्हशीनं दुसरीच्या बिल्ल्यावर दूध घातलं न्हाई! माणसाचाच तेवढा भरवसा न्हाई.

एक दिवस रजा टाकली अन् गेलो धर्माबादला, म्हणलं आपली फर्म तरी पाहू. पत्त्यावर काय? एक बंद शटर. बाजूच्या दुकानात मिरच्यांचा ढीग, माझ्या घशात गेला खकाणा, अन् मला जो ठसका लागला, डोळ्यातून पाणी, नाकातून पाणी, कुणी पाणी आणा, कुणी गूळ आणा. दुकानदारानं पाठ थोपटत विचारलं, "कोण गाव? काय काम काढलं?" मी म्हणलं, हे... शटर... माझ्या नावावर हाय. तो मागं वळून ओरडला, "ओ, बघा ओ, शेठ आले! मालक असून ठसका लागायलाय!" सगळी लाईन बघायला आली. चहा पाजला हो त्यांनी मला, शेठ म्हणून. अन् मी पिलो! काय करू, घसा जळत होता.

घरी आलो अन् पडलो. म्हणलं, विशाखा, माझं पॅनकार्ड मी आईची शपथ कुणाला दिलं न्हाई, मग चोराला घावलं कुठून? तर ती भाकरी थापता थापता म्हणते, "अहो, तुमचा पॅन तर आमच्या आख्ख्या गल्लीला पाठ होता!" मी म्हणलं, म्हंजे? "म्हंजे काय! तुमच्या बायोडाट्याखाली छापलेला नव्हता का? आमच्या मामानं तर त्याच्यावरच तुम्हाला पास केलं. म्हणाले, फोटो राहू द्या, पोरगा टॅक्स भरतो!"

तुम्हाला सांगतो, माझ्या पायाखालचा गिरणीचा पट्टा थांबला. आमचे बाबा! रामकिशनराव! पोराला पक्की नोकरी लागली हा आनंद त्या माणसाच्या पोटात मावला न्हाई, त्यांनी बायोडाट्यावर वर तथागतांचं चित्र, मधी माझा फोटो, अन् खाली माझं पॅनकार्ड, रंगीत! वधू-वर मेळाव्यात वाटलं, लग्नाच्या मांडवात वाटलं, मुखेडच्या बाजारात वाटलं, मोबाईल आल्यावर व्हॉट्सॅपच्या असतील नसतील तेवढ्या ग्रुपवर टाकलं. मी फोन लावला, मिरचीच्या फर्मचं सगळं सांगितलं, म्हणलं, बाबा, हे काय केलं? तर उलट माझ्यावरच, "आरं, नुसतं नोकरी हाय म्हणलं तर कोन इस्वास ठेवतं? आजकाल रोजंदारीवरचा बी साहेब म्हणून मिरवतो! कार्ड दिसलं की पोरीवाले गप! तुला बायको मिळाली का न्हाई?" मिळाली की. आता बायको मिळाली त्याच कार्डावर, अन् घर गेलं बी त्याच कार्डावर, मी भांडू कुणाशी?

हाव, गेलं घर. बँकेनं फाईल परत दिली. मॅडम बिचारी म्हणाली, "सर, मला पर्सनली तुमचं पटतंय, पण सिस्टीमला पटत नाहीये." अप्पांनी लई वाट पाहिली, वर्ष होत आलं, मग लेकानं दुसरं गिऱ्हाईक आणलं. इसार परत द्यायला अप्पा स्वतः जिना चढून वर आले, पीठ झटकत बसले, अन् पिशवीतून शेवग्याच्या शेंगा काढल्या. "तुमच्या झाडाच्या हायत ओ. पहिल्याच." विशाखानं शेंगा घेतल्या, आत गेली, अन् लई वेळ नळ सोडून उभी राहिली. पोरगी मला विचारती, "बाबा, आपण तिथं पळायला कवा जायचं?" मी उगंच तिच्या दप्तरातला पंप काढून हलवून बघितला.

त्याच संध्याकाळी त्या शेंगांची आमटी झाली, माझी बिनतिखट, अन् पहिला घास घेतला तर बाबांचा फोन. लई खुशीत! धाकट्या बहिणीला, उज्वलाला, स्थळ सांगून आलं. म्हणलं, कसं आलं? "आरं, नवा बायोडाटा काढला ना! थोरला भाऊ सरकारी नोकरीत, शिवाय धर्माबादला मिरचीचा मोठा व्यापार! तुझं कार्ड लावलंय खाली. मोठ्या घरची माणसं हायत, एका तासात होकार आला!" मी म्हणलं, बाबा... "आरं ऐक तर. फक्त एक विचारून राहिलेत, भाऊ एवढा मोठा शेठ, मग आजून किरायानं का राहतो?"

घास तसाच तोंडात. खाली गिरणी सुरू झाली, ताटातली आमटी थरथरून राहिली. विशाखा माझ्याकडं बघती, पोरगी माझ्याकडं बघती.

मी म्हणलं, सांगा त्यांना, यंदा मिरचीला भाव न्हाई.