उजवीकडचा माणूस

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय मेजर मानसिंगराव, प्रमुख पाहुण्या लीलाताई, व्यासपीठावरील मान्यवर, माझ्या पलटणीतले जुने सोबती, आणि बाड्याच्या चौकातल्या गर्दीतून वाट काढत इथवर आलेल्या बंधू-भगिनींनो,

शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि निवृत्त होणाऱ्याला आपल्याच गुणांचं वर्णन मान खाली घालून ऐकावं लागतं, तेही झालं. लीलाताई बोलत होत्या तेव्हा आमच्या सौभाग्यवती विजयाबाई आजूबाजूला पाहत होत्या, हे नेमकं कोणाबद्दल चाललंय म्हणून.

लीलाताई म्हणाल्या, जगदेवरावांची पद्धत न्यारी. फौजेतून सुटून काम मागायला आलेल्याला ते 'तुला काय येतं?' असं विचारतच नाहीत. त्याच्या सोबत्याला बोलावून घेतात आणि त्याला विचारतात. खरं आहे. गेली तेरा वर्षं माजी सैनिकांच्या कचेरीत मी तसंच केलं, आणि शेकडो माणसं कामाला लागली. पण ही पद्धत मला सुचली कशी, हे आजवर कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं का? नसतं सांगितलं.

संस्थान विलीन झालं आणि आपल्या पलटणी हिंदी फौजेत मिळवल्या, ते दिवस आठवा. वय आणि तब्येत पाहून काहींना ठेवलं, बाकीच्यांना घरी धाडलं. माझा डावा हात ब्रह्मदेशातच कामातून गेला होता. लिहितावाचता येत होतं म्हणून मला टेबलाशी बसवलं, तेही तीन महिन्यांच्या बोलीवर. सुटणाऱ्या प्रत्येकाचा दाखला मी भरायचा. त्यात एक रकाना होता, हुनर. तो वाचूनच बाहेर काम मिळायचं.

आता आमच्या पलटणीचा रिवाज मेजरसाहेबांना ठाऊक आहे. वरिष्ठाने विचारलं तर आपली तारीफ आपण करायची नाही. 'काही नाही, सरकार,' एवढंच म्हणायचं. मग रांगेत ज्याचा खांदा आपल्या उजव्या खांद्याला लागतो, तो एक पाऊल पुढे येऊन सांगणार, हा गडी काय काय करतो ते.

त्या दिवशी भर उन्हात दोनशे माणसं रांगेत होती. दौलतसिंह पुढे आला. बावीस वर्षं नोकरी. मी विचारलं, "हुनर?"

तो ताठ उभा राहिला. म्हणाला, "काही नाही, सरकार."

आणि थांबला. माझ्याकडे बघत थांबला. कारण मंडळी, पलटणीच्या रांगेत इतकी वर्षं त्याच्या उजवीकडचा माणूस मीच होतो. ब्रह्मदेशात हात निकामी झाल्यावर मला पाठीवर घेऊन दोन दिवस जंगलातून चालला तो हाच.

शेजारी नवे साहेब बसले होते. सकाळीच बजावलं होतं, "जो आदमी बोले, वही लिखो. पुरानी यारी नहीं चलेगी." मी घाबरलो. नोकरी जाईल म्हणून घाबरलो, दुसरं काही नाही. मी लिहिलं, 'काही नाही.'

तो दाखला घेऊन दौलतसिंह तीन गिरण्यांच्या फाटकांवर गेला. तिन्ही ठिकाणी रकाना वाचून कागद परत दिला. पुढे तो रोज सकाळी आमच्या जुन्या मैदानात जाऊन उभा राहू लागला. एकटाच. एका अंगाला सरकून, उजवीकडे एका माणसाची जागा सोडून. मी सायकलवरून कचेरीला जाताना पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून मी रस्ता बदलला.

त्या थंडीत तो तापाने गेला.

तेव्हापासून माझ्या डाव्या बाजूला कोणीतरी उभं असतं. टेबलाशी असायचं, जेवताना असतं. आत्ता इथेही आहे. लोक त्याला भास म्हणतील, म्हणोत. मी त्याच्याकडे अजून वळून पाहिलेलं नाही.

काल पहिल्यांदा त्याच्या घरी गेलो. त्याच्या पत्नी दुर्गाबाईंनी बसायला पाट दिला. मी बोलायला लागलो तर म्हणाल्या, "मला घरात नका सांगू, भावजी. चार लोकांत लिहिलंत, चार लोकांतच सांगा." आणि ट्रंकेतून हा दाखला काढून दिला. घडीवर फाटलाय. त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत.

अध्यक्ष महाराज, परवानगी असेल तर रिवाजाप्रमाणे मी एक पाऊल पुढे येतो.

दौलतसिंहाला वाट नसलेल्या जंगलात वाट सापडते. बिथरलेलं खेचर त्याच्या नुसत्या हाकेने उभं राहतं. रक्त वाहतंय ते माणसाला कळू न देता पट्टी बांधता येते. आपल्या वाटचं पाणी दुसऱ्याला पाजून 'मी आधीच प्यालो' असं सांगता येतं. आणि ज्याला वाचवलं त्याने ओळख दिली नाही, तरी तोंडातून एक शब्द न काढता उभं राहता येतं.

हे त्या दिवशी सांगायला मला घटकाही लागली नसती.

आपण सर्वांनी माझा मान केलात, मी ऋणी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला, असं शेवटी म्हणायची रीत आहे. ते सभेला म्हणतो. दुर्गावहिनी, तुम्हाला मात्र तसं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ही शाल मी इथे, माझ्या डाव्या बाजूच्या खुर्चीवर ठेवतो.