पहिला दिवस, आठव्यांदा

कारकून : नाही म्हणजे नाही, ताई. अनुभवाच्या रकान्यात ‘नाही’ असंच लिहायचं. नाहीतर अर्ज पुढं सरकत नाही.

कॉलरवाली : सात वर्षं ह्या कारखान्यात शर्टांना कॉलरी लावतेय मी. आणि अनुभव नाही?

कारकून : सात वर्षं कसली? अकरा-अकरा महिन्यांचे सात करार. हा आठवा. मध्ये महिनाभर खंड. दर करार म्हणजे नवी भरती, आणि नवीन बाईला नवशिकीचा पगार.

कॉलरवाली : वा! महिनाभर घरी बसले की माझे हात सगळं विसरतात? बायको माहेरी जाऊन आली की पुन्हा लग्न लावता का तुम्ही?

कारकून : नियम मी केला नाही.

कॉलरवाली : तुम्ही कसला करताय! तुम्ही नुसता शिक्का आपटायचा. त्या कायम झालेल्या बाईला कॉलर मीच शिकवली. तिला दीडपट पगार, आणि तिनं बिघडवलेल्या कॉलरी उसवायला मी.

कारकून : मागच्या वेळी तर गुपचूप सही केलीत.

कॉलरवाली : तेव्हा पोरगी शाळेत होती. आता तिला पुढं शिकायचंय. फी भरताना कुणी म्हणत नाही, की आई कामावर नवीन आहे, अर्धीच द्या.

कारकून : सही करताय, की पुढच्या बाईला बोलावू?

कॉलरवाली : आणा. अनुभव नाही. ही घ्या सही. पोट भरलं?

कारकून : आता पळा मशीनवर. सहाशे शर्ट कॉलरीवाचून अडलेत, संध्याकाळी माल जायचाय.

कॉलरवाली : मशीनवर? अहो, नवीन बाईनं पहिले तीन दिवस बाकावर बसून नुसतं बघायचं. तुमचाच नियम, भिंतीवर चिकटवलाय.

कारकून : तो खऱ्या नव्यांसाठी.

कॉलरवाली : खरी नवी, खोटी नवी असा रकाना कुठंय? दाखवा.

कारकून : मस्करी पुरे, ताई.

कॉलरवाली : मस्करी तुम्ही करताय, दरवर्षी. मी आज पहिल्यांदाच करतेय.

(ती बाकावर जाऊन बसते. तिथं आजच सही केलेल्या आणखी दोघी आधीच बसल्यात. शिलाईखात्याचे मास्तर घाईघाईनं आत येतात.)

मास्तर : अगं, इथं काय बसलीस? कॉलरी कोण लावणार?

कॉलरवाली : मला येत नाही, मास्तर.

मास्तर : येत नाही? माझ्याआधीपासून आहेस तू इथं!

कॉलरवाली : साहेबांनी लिहून घेतलंय. विचारा त्यांना.

मास्तर : आणि ह्या दोघी? बटणवाली, काजवाली? ह्या का बसल्यात?

कॉलरवाली : त्याही आजच लागल्यात.

कारकून : ताई, काय हवंय तुम्हाला? सरळ सांगा.

कॉलरवाली : तो ‘नाही’ खोडा. तिथं सात वर्षं लिहा, आणि पगार त्या हिशेबानं. आमचा तिघींचाही.

कारकून : तेवढा अधिकार मला नाही.

कॉलरवाली : मग ज्यांना आहे त्यांना बोलवा. आम्हाला काय, बसायचाच पगार आहे तीन दिवस.

मास्तर : अहो कारकून, लावा की फोन वर! ...आणि तू गं, तोवर निदान सुईत दोरा तरी ओव.

कॉलरवाली : कोणत्या बाजूनं ओवतात हो, मास्तर?