काच आतून ओली होती

पहाटे पावणेपाच वाजता सुरू झालं हे सगळं, अक्का, मागच्या सोमवारी — नाही हो, हीटर नको, रागावू नका, ही शाल घ्या, धुतलेली आहे. काय आहे, या गाडीत इंजिन नाही, की त्याची धग आपोआप आत सोडावी. जी ऊब काढायची ती बॅटरीतनंच. आत्ता तर कुठं येलहंका सुटलंय, तुम्हाला पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, इलेक्ट्रॉनिक सिटीला पोचवायचंय, आणि हा आकडा बघा! काल संध्याकाळी पुरती भरून घरापुढं लावलेली गाडी, आणि सकाळी एवढाच चार्ज? तुम्ही फोनवर आईशी मराठी बोललात म्हणून सांगते हं, एरवी गिऱ्हाइकाशी माझं कन्नडमधलं 'सरी मॅडम, आयतु मॅडम' एवढंच.

तर सोमवारी गाडीशी आले. धुकं होतं. काच ओली — ती या दिवसांत असतेच — फडकं मारलं, पुसेना. बोट फिरवलं, तर ओल आतून. आतून, अक्का! रिकाम्या गाडीची काच आतून ओली कशी होईल, कुणी आत बसून श्वास घेतल्याशिवाय? आणि चार्ज उतरलेला. किलोमीटर बघितले, तर लावताना होते तेवढेच. म्हणजे गाडी जागची हलली नाही, आणि चार्ज कुणीतरी खाल्ला. आमच्या सुपरवायझरला विचारलं, शिवकुमार अण्णांना, तर हसले. म्हणाले, थंडीत बॅटरी स्वल्प उतरतेच अम्मा. उतरत असेल, बर्फात. आपल्या बंगळूरला कसली थंडी — माकडटोपी घालण्यापुरती! मी सातवी शिकलेली, पण मला काय कळत नाही? आणि रोजच व्हायला लागलं हे. चार्ज कमी पडला की लांबची भाडी दुसऱ्याला जातात, आणि असंच चाललं तर गाडीच काढून घेतील, हे तेच अण्णा हसत हसत सांगतात.

थांबा, काच पुसते. पंखा लावला तर तोही खातो.

दुसरी चावी घरात, खुंटीला. घरात माणसं किती? मी, सासूबाई, भव्या — माझी लेक, चौथं लागेल आता — आणि आमचे हे, गिरीराज. तिकडं पीण्या भागात कारखान्यात आहेत, दुपारची पाळी. तर हे आताशा उशिरापर्यंत लोळतात, उठले तरी डोळे लाल, जेवताना जांभया. आणि मंगळवारी गाडीत वास आला मला. तेलाचा. निलगिरीचं तेल. आता आमच्या समोर एक रम्या राहायला आलीय, मालिशवाली — बाळंतिणींना, म्हाताऱ्यांना तेल लावते, एकटीच असते, हसून बोलते सगळ्यांशी. तेलाचाच धंदा तिचा. लागतं का काही सांगायला? सासूबाईंना विचारलं, रात्री हे उठून जातात कुठं? तर तांदूळ निवडत बसल्या, वर बघेनात. आईच ती, झाकणारच की.

मला कळत नाही कसं? कडी ऐकू येते ना मला. मी आतल्या खोलीत एकटी झोपते, पहाटेची पाळी म्हणून. भव्या बाहेर, आजीजवळ. कडी वाजते, मी जागी असते — आणि उठत नाही. का नाही उठत? उठले आणि खरंच दिसलं, तर मग काय करू मी, अक्का?

आणि या पोरीचं सगळं माझ्याच डोक्याला. पत्र्याचं घर, वरून गारवा पाझरतो, दरवर्षी हिला थंडीत धाप लागते. मागच्या वर्षी दवाखान्यात ठेवली होती, छाती अशी आत जायची, बघवत नव्हतं. यंदा देवाची दया, आठवडा झाला, खोकला ऐकूच आला नाही. सासूबाईंच्या ओव्याच्या पोटलीनं उतारा पडला म्हणायचा. म्हटलं, चला, एक काळजी सुटली — तर ही दुसरी.

पण आज निकाल लावते. माझा भाऊ, अभिराज, टेंपो घेऊन येतोय, माझं नि भव्याचं सामान न्यायला. मी नसतानाच ये म्हटलं, मी असले तर रडेन. आणि सांगितलंय त्याला, आधी यांच्या दोन कानाखाली दे, मग सामानाला हात लाव. तो देणार! मागंपुढं बघणारा नाही तो.

काय? पायाशी काय आहे? कुणाचं तरी राहिलं असेल. थांबा, सिग्नल लागतोय — द्या इकडं.

मोजा.

हा तर भव्याचा. टाचेला मीच शिवलाय, लाल दोरा नव्हता म्हणून निळ्यानं. पण भव्या या गाडीत बसलेलीच नाही. कंपनीची गाडी, घरच्यांना बसवायचं नाही म्हणतात. रडते ती बसायला, मी धपाटा घालते आणि...

निलगिरी तर तिच्या छातीला लावतात.

काय म्हणालात? नाही, धूर नाही होत या गाडीत. काचा लावून, गरम हवा सोडून पोर रात्रभर झोपलं तरी काही होत नाही. मीच सांगितलं होतं भव्याच्या बाबांना हे, गाडी मिळाली त्या दिवशी, कौतुकानं. मग मला का नाही बोलले? बोलले असते, तर मी... भांडलेच असते. चार्ज जातो म्हणून भांडले असते. तुम्हाला नाही का मघाशी हीटरऐवजी शाल दिली.

लावते हीटर. लावते, बघू दे तरी किती ऊब येते. वाटेत थांबून भरून घेऊ, तुम्हाला स्वल्प उशीर होईल, माफ करा.

सुटला सिग्नल. अक्का, माझ्या फोनवर नकाशा चाललाय, तुमच्या फोनवरून अभिराजला लावता? नंबर सांगते. तो निघाला असेल आत्ता. म्हणावं, ताईचा निरोप आहे, टेंपो फिरव मागं. का म्हणून विचारेल, ते सांगू नका. आणि म्हणावं, पोचलाच असशील तर भावजींना हाक मारू नको, दार वाजवू नको — आत्ताच डोळा लागला असेल त्यांचा.