टच बंद

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, संस्थेचे सन्माननीय सोमनाथराव. व्यासपीठावर बसलेल्या मुख्याध्यापिका बाई. आज निवृत्त होणारे आपले संगीतशिक्षक, सत्कारमूर्ती आदरणीय बद्रीनाथ तुपे सर आणि वहिनी. माझे सहकारी, आवर्जून आलेले माजी विद्यार्थी आणि सतरंजीवर चुळबुळ करणाऱ्या बाळगोपाळांनो, आपणा सर्वांना पुंजारामचा नमस्कार.

माईकसमोर उभं राहायची ही माझी पहिलीच वेळ. एरवी माईक लावायचा, ‘हॅलो, हॅलो’ म्हणायचं आणि बाजूला व्हायचं, एवढंच माझं काम. मी प्रयोगशाळेचा परिचर. पण शाळेत जे जे वायरीला जोडलेलं आहे ते पुंजारामच्या गळ्यात, हा इथला रिवाज. बाईंनी मला पाच मिनिटं दिली आहेत. सरांचे गुण सांगायला ती पुरणार नाहीत. पण ते काम इतरांनी सुरेख केलंय. मला माझा एक गुन्हा सांगायचाय, आणि त्याला पाच मिनिटं लई झाली.

सर नऊ वर्षं एक समजूत उराशी धरून आहेत की त्यांचा हात खोटा आहे. आज ते ती समजूत घेऊनच घरी गेले, तर मला उद्यापासून माझ्या रोजच्या फुलंब्रीच्या एसटीत सुखानं बसता यायचं नाही.

सर मूळचे पेटीचे. सोयगावच्या भजनात तयार झालेला हात. पेटीचा आवाज भात्यातून येतो. पट्टी हळू दाबा की जोरात, स्वर तेवढाच. दोन हजार नऊ साली प्रार्थनेसाठी इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आला. सर पहिल्याच दिवशी वाजवायला बसले आणि मला हाक आली. “पुंजाराम, स्वर कमी-जास्त येतायत रे. एक मोठा, एक बारीक. बघ जरा काय बिघडलंय.”

माहितीपुस्तिका इंग्रजीत होती. ती कोण वाचतो? मी एकेक बटण दाबत गेलो. ‘टच’ नावाचं एक सापडलं. ते बंद केल्याबरोबर सगळे स्वर एका उंचीचे झाले. सर म्हणाले, “शाबास.” आमच्याकडं वीज तासातासाला जाते आणि ती गेली की बटणं पुन्हा मूळपदावर येतात, म्हणून आणखी दोन बटणं दाबून ते कायमचं पक्कंही केलं. त्या शाबासकीवर मी आठवडाभर मिरवलो.

पुढं एका स्पर्धेसाठी सर मुलांना घेऊन छावणीतल्या एका सभागृहात गेले. तिथं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा खरा पियानो ऐकला. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत येऊन माझ्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, “पुंजाराम, तो पियानो हळू बोलतो तरी मागच्या रांगेला कळतं. आपला हा सारखा हाक मारल्यासारखा बोलतो. याला सुधरवायचं का?”

म्हटलं, व्हय सर, सुधरवू की.

काय काय केलं म्हणून सांगू! लोखंडी स्टँड काढून खाली सागवानी टेबल घातलं. गुलमंडीच्या बाजारातून बाहेरचे स्पीकर आणले, ते कधी भिंतीकडं तोंड करून ठेवले, कधी मुलांकडं. पायाचं पेडल आणलं. घुमारा कमी केला, मग वाढवला, मग पुन्हा कमी केला. दिवाळीच्या सुट्टीतसुद्धा सर यायचे, कान लावून बसायचे. दरवेळी दोन दिवस बरं वाटायचं आणि तिसऱ्या दिवशी सर म्हणायचे, “नाय रे. अजून हाकच मारतोय.” आम्ही सगळं बदललं. ते एक बटण तेवढं कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्या तर नाहीच.

आता सुकेशनीचं सांगतो. मागं खिडकीपाशी बसलीय ती. पाचवीपासून दहावीपर्यंत ती याच कीबोर्डावर वाजवायची. अशी बोटं सरांना पुन्हा दिसली नाहीत. सोळा साली सरांनी तिला पियानोच्या परीक्षेला पुण्याला नेलं. तिथं खरा पियानो होता. ती नापास झाली. परीक्षक म्हणाले, “मुलगी टंकलेखन करतेय.” परतल्यावर ती मला एवढंच म्हणाली, “काका, तो पियानो माझं ऐकतच नव्हता.” त्यानंतर तिनं पट्टीला बोट लावलं नाही. आज ती गंगापूरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते.

आणि सर? सर म्हणाले, “माझाच हात खोटा, पोरीला तोच दिला.” पुन्हा एकाही मुलाला त्यांनी परीक्षेला बसवलं नाही. पालक विचारायचे, सर हसून विषय बदलायचे.

मागच्या महिन्यात कपाट आवरताना ती पुस्तिका हाती लागली. माझी मुलगी श्रेया कॉलेजात आहे, तिच्याकडून वाचून घेतली. बोट हळू पडलं तर स्वर हळू, जोरात पडलं तर मोठा, याचंच नाव टच. म्हणजे कमी-जास्त हीच पियानोची सगळी करामत, आणि मी ती बिघाड समजून काढून टाकली होती. सोळा वर्षं.

मी गुपचूप टच सुरू केला. वाटलं, सर वाजवतील, त्यांचा चेहरा उजळेल, मग पाय धरून सांगेन. सकाळी सर बसले. चार स्वर वाजले. सरांनी हात उचलला आणि म्हणाले, “पुंजाराम, बिघडलं रे हे. स्वर वर-खाली येतायत. होतं तसं कर.”

आणि मंडळी, मी होतं तसं केलं. अठ्ठावन्न वर्षांच्या बोटांना आता नवीन काय शिकवणार, असं मनाशी म्हटलं. पण ते निमित्त होतं. मी भ्यालो होतो.

आज हे सांगून काही सुधारणार आहे, अशा भ्रमात मी नाही. सरांबरोबर संगीताचं पदही जातंय, नवीन शिक्षक येणार नाहीत. कीबोर्ड सोमवारी भांडारात जाईल. सुकेशनीची ती वर्षं कुठल्या भांडारात शोधू?

दार वाजलं वाटतं मागं. सुकेशनी गेली. जाऊ द्या, कुणी अडवू नका तिला. तिचा तेवढा हक्क आहे.

अध्यक्ष महोदय, आपण घड्याळाकडं पाहिलंत, मी आवरतो. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, बाईंनी बोलायची संधी दिली, मी ऋणी आहे. शेवटी वक्त्यानं म्हणायचं असतं की माझं चुकलं-माकलं पदरात घ्या. सर, या भाषणात जे चुकलं असेल ते घ्या पदरात. पण ते दुसरं घेऊ नका. नऊ वर्षं तुम्ही ते तुमचं समजून सांभाळलंत, ते माझं आहे. तेवढं इथंच ठेवा आणि मग घरी जा.

नमस्कार.