माल्टा बेटातून बाहेर

माल्टा बेट बघायला गेलो आणि तिथंच राहायची पाळी आली होती, ते तुम्हाला सांगितलंय का? मी तेव्हा आगबोटीवर खलाशी होतो. बोट कोळसा भरायला थांबली, तसे मी आणि आमच्या दिघी गावचे हसनचाचा गाव बघायला उतरलो. चार वाजता बोट सुटणार होती.

किल्ला पाहिला, मोठं चर्च पाहिलं. चाचांचं प्रत्येक ठिकाणी एकच, "आपला जंजिरा यापेक्षा बरा." मग पायऱ्यांच्या गल्ल्यांत असे हरवलो की दर्याच दिसेना. साडेतीन वाजले, आणि वाट शोधता शोधता आम्ही घुसलो थेट एका म्हातारीच्या अंगणात. ती झाडू घेऊनच उठली. चाचा माझ्यामागं लपले. मी हात जोडून म्हटलं, "आजी, बाहेर! आम्हाला बाहेर जायचंय!"

तिनं झाडू खाली केला. "बहर?"

"व्हय, बाहेर!"

म्हातारी हसली. माझं मनगट धरून, दोन बोळ ओलांडून तिनं आम्हाला थेट धक्क्यावर आणून उभं केलं. समोर आमची बोट भोंगा देत होती.

वर चढल्यावर मी म्हटलं, "चाचा, म्हातारीला मराठी येतं!"

"खुळा हाय काय! हिथल्या माल्टी बोलीत बहर म्हणजे दर्या. अरबीतपण तेच म्हणतात."

"मग तुम्हाला अरबी येत होतं, तर तुम्ही का नाही विचारलंत?"

चाचा म्हणाले, "तिच्या गळ्यात क्रूस होता रे! मला वाटलं, हिच्याशी इंग्रजीच बोलावं लागेल."